वापरामुळे पडलेले ओरखडे

द्राक्षं कापायला चांदीची कात्री लागते, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. घडाला बोटं लागू नयेत म्हणून कात्री. तिच्या मुठीवर द्राक्षांचीच नक्षी होती, म्हणजे जेवणाऱ्याचा गोंधळ व्हायला नको. शेजारी शतावरी उचलायचा चिमटा, मासळी वाढायची सुरी, मोहरीची कुपी, मिठाच्या चार वाट्या आणि त्या चार वाट्यांना चार चमचे. सगळं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. ज्या घरांत हे वापरलं जायचं, तिथल्या माणसांना स्वतःचे बूटही स्वतः काढता येत नसावेत.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. मी म्युझियम या विषयात एमए करत होते आणि त्यासाठी बेसिंगस्टोकजवळच्या एका लहानशा म्युझियममध्ये बिनपगारी काम करत होते. तिथे चांदीच्या वस्तूंचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन लागायचं होतं. पांढरे हातमोजे घालून वस्तू पुसणं आणि त्यांच्याखाली ठेवायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर टाइप करणं ही माझी कामं. माझे वडील कामगार संघटनेची पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकले तीही त्या पत्रकांवरच. त्यामुळे ज्या वस्तूवर मालकाचं नाव आहे आणि करणाऱ्याचं नाही, ती पुसताना माझा हात जरा जोरातच चालायचा.

इंग्रज चमच्यांच्या पाठीवर ओळीनं बारीक ठसे असतात. सिंह म्हणजे चांदी खरी, मग शहराची खूण, वर्षाचं अक्षर, राणीचं डोकं, आणि शेवटी दोन आद्याक्षरं. ही आद्याक्षरं कारागिराची असतात असं मी भोळेपणानं समजत होते. ती कारखान्याच्या मालकाची. चांदीच्या खरेपणाची हमी सिंह घेतो. रात्रंदिवस ठोकून त्या चांदीवर वेली कुणी उठवल्या, ते सांगायला एखादा उंदीरसुद्धा ठेवलेला नाही.

प्रदर्शनातली सगळ्यात मोठी वस्तू मात्र आपल्याकडची होती. पुण्यात घडवलेली चहाची किटली. दांडी म्हणजे वळलेला नाग, झाकणावर हत्तीचं डोकं आणि पोटाभोवती उठावाच्या कामात देवादिकांची मिरवणूक. गणपतीच्या सोंडेजवळून चहाची तोटी निघत होती. ज्यांनी ती म्युझियमला उसनी दिली होती, त्या वृद्ध गृहस्थांचे पणजोबा पुण्याच्या लष्करात अधिकारी होते. घराण्यात गोष्ट अशी चालत आलेली, की कृतज्ञ नेटिवांनी त्यांना ही भेट दिली. चिठ्ठीवर तेच छापायचं होतं. किटलीच्या बुडावर खूप रेघा होत्या. नोंदवहीत त्यांच्यापुढे लिहिलेलं होतं: ‘वापरामुळे पडलेले ओरखडे’.

मी ते ओरखडे उजेडात धरून पाहिले. कुठलाही ओरखडा एवढा सरळ जात नाही. एक लांब आडवी रेघ होती आणि तिला खाली गाठी लटकवल्यासारखी अक्षरं. मोडी. मला ती ओळखता आली, वाचता आली नाही. वाचणारी बाई मात्र माझ्याच घरात बसून भेंडी चिरत होती.

बेसिंगस्टोकला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचे, त्या आयटीतल्या गृहस्थांच्या आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी एका सरकारी दफ्तरात मोडी कागद वाचायचं काम केलं होतं. “वाचायचे मी,” त्या एकदा म्हणाल्या होत्या, “आणि छापून आलं की खाली नाव साहेबांचं. साहेबांना मोडीतला क कळत नव्हता.” मुलानं इथे त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या: शेजाऱ्यांच्या गार्डनमध्ये डोकवायचं नाही आणि सारखी खिडकी उघडायची नाही. त्यामुळे वाचायला काही आहे असं मी म्हटल्याबरोबर त्यांनी सुरी खाली ठेवली.

म्युझियममध्ये क्युरेटर बाईंनी त्यांचं छान स्वागत केलं. चांगल्या बाई होत्या. त्यांच्या छातीवर एक जुना काळा ब्रूच होता, त्यात वेणी घातलेले केस. काकूंनी निरखून पाहिलं.

“केस आहेत ते?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“मेलेल्या नातेवाइकाचे. त्या काळी अशी पद्धत होती.”

“आणि ते लावून ही जेवते?”

मी भाषांतर केलं नाही.

किटली उलटी करून गादीवर ठेवली. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक बुडाला टेकेल इतक्या वाकल्या. “बॅटरी आडवी धर. वरून नको, कडेनं.” मी कडेनं उजेड पाडला आणि अक्षरं एकदम उभी राहिली. काकूंचं बोट हवेत चाललं होतं. दहा मिनिटं त्या एकेक अक्षर लावत होत्या. मी मनातल्या मनात मजकूर तयारही केला होता. शाप असणार. निदान शिवी. एखाद्या पिळल्या गेलेल्या माणसानं राज्यकर्त्याच्या चहाखाली कोरून ठेवलेला संताप असणार.

“तांबडा टोपीवाला,” काकू वाचू लागल्या. “तिसऱ्यांदा आला. झाकण बरोबर आहे.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“टोपीवाला म्हणजे?”

“इंग्रज. जुन्या कागदांत टोपीकर म्हणतात, हा टोपीवाला म्हणतोय. गिऱ्हाईक लाल तोंडाचं असेल. झाकण बसत नाही म्हणून तीन खेपा घातल्यात त्यानं. दुकानातल्या दुसऱ्या माणसाला कळावं म्हणून याने लिहून ठेवलंय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तोंड का पाडलंस?”

“मला वाटलं, काहीतरी मोठं असेल.”

“तुला प्रत्येक माणूस मोर्च्यातलाच हवा असतो. याला कटकट झाली होती, एवढंच.”

मग त्यांनी मला झाकण बसवून बघायला सांगितलं. हत्तीच्या डोक्याला धरून मी ते टेकवलं, ते आपोआप आत गेलं आणि केसाएवढीही फट राहिली नाही.

“बरोबरच आहे की,” काकू म्हणाल्या. कुणातरी मेलेल्या माणसाची बाजू घेतल्यासारख्या.

मी सगळं इंग्रजीत सांगितलं तेव्हा क्युरेटर बाई मनापासून हसल्या. चिठ्ठी बदलायची, असं त्या म्हणाल्या. खाली वाचन करणाऱ्याचं पूर्ण नावही छापायचं. काकूंना हे दोनदा सांगावं लागलं. घरी येताना बसमध्ये त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पिशवीतल्या पावतीच्या मागे लिहून मला दाखवलं. “यात ए दोन आहेत. एकच लावू नका म्हणावं. आणि मधे वडिलांचं नाव घालायचं की ह्यांचं?” त्या संध्याकाळी मुलाला सांगताना त्यांनी ‘छापून’ हा शब्द पाच वेळा तरी वापरला.

दोन दिवसांनी क्युरेटर बाईंचं हसू आटोपलं. त्यांनी किटलीवाल्या गृहस्थांना कळवलं होतं. गृहस्थ दुखावले होते. त्यांच्या पणजोबांना भेट मिळाली होती, पणजोबा गिऱ्हाईक नव्हते, तांबडे तर मुळीच नव्हते. मी त्या गृहस्थांना पुढे पाहिलं. त्यांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा होता. मजकूर असाच राहिला तर ते किटली परत नेणार होते. म्हणून बाईंनी मधला मार्ग काढला. सभ्य माणसं जेव्हा खोटं बोलायचं ठरवतात, तेव्हा आधी मध शोधतात आणि मग मार्ग. चिठ्ठी अशी होणार होती: ‘बुडावर प्राचीन भारतीय लिपीत आशीर्वाद.’ खाली काकूंचं नाव, दोन्ही ए सकट.

जेवणाच्या टेबलावर काकूंच्या मुलानं ते ऐकलं आणि त्याला पटलंही.

“आई, ब्लेसिंग म्हण ना. व्हॉट्स द हार्म? ही लोकं नाइस आहेत. शिवाय माझा मॅनेजर तिथे ट्रस्टी आहे.”

“मी वाचलं त्यात आशीर्वाद नाही.”

“अगं, पण तुझं नाव येतंय.”

“म्हणून तर.”

“कोण चेक करणार आहे? या अख्ख्या काउंटीत मोडी कुणाला येते?”

“मला येते,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्याला आणखी आमटी वाढली.

पण रात्री काकू ती पावती काढून बसलेल्या मला दिसल्या. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाव आता इंग्लंडात, काचेच्या कपाटात लागणार होतं. एक शब्द बदलला की झालं.  त्यांना काही सांगायला मला तोंड नव्हतं, कारण त्याच आठवड्यात माझ्या गुणपत्रिकेवर क्युरेटर बाईंची सही व्हायची होती आणि मीही अजून कुणाशी भांडले नव्हते.

सकाळी कोटाची बटणं लावत त्या म्हणाल्या, “त्यांना सांग, मला वाचता आलं नाही. माझं नाव घालू नका.”

“असं कसं? तुम्हाला आलं की.”

“आलंय. पण खोटं वाचून सही करायची नाही, एवढं साहेबाच्या हाताखालीही पाळलं. साहेब नाव खायचे, अक्षर खायचे नाहीत. तेवढे तरी बरे होते.”

मी उसळले. म्हटलं, उद्घाटनाच्या दिवशी दारात उभी राहते, खरा मजकूर पत्रकावर छापून वाटते, सही गेली तर गेली. काकूंनी शांतपणे स्कार्फ बांधला. “तुझ्या पत्रकात तो बिचारा पुन्हा तुझा माणूस होईल. झाकण बरोबर होतं, तेवढंच त्याचं म्हणणं. त्यात भर घालू नको.”

उद्घाटनाला आम्ही दोघी गेलो. शेरीचे ग्लास, क्रॅकर्सवर चीज, कौन्सिलचे कुणीतरी. उकडलेल्या बिटानं भाषण केलं आणि कृतज्ञ नेटिव दोनदा आणले. चिठ्ठीवर शेवटी छापलं होतं, ‘बुडावर भारतीय लिपीत मजकूर, अद्याप वाचलेला नाही’. काकूंनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मान हलवली. “हे चालेल. हे निदान खोटं नाही.”

पण ते खोटं होतंच, आणि निघताना बहुधा ते त्यांनाही जाणवलं. दाराशी अभिप्रायाची वही होती. ‘लव्हली’, ‘सो एलिगंट’, ‘सच क्राफ्ट्समनशिप’. काकूंनी पेन उचललं. त्यांनी उभ्यानंच मोडीत सावकाश सात-आठ ओळी लिहिल्या. किटलीवरचा मजकूर जसाच्या तसा, तो कुणी, कधी आणि कुणासमोर वाचला, आणि खाली आपलं, वडिलांचं आणि नवऱ्याचं, अशी नावं.

क्युरेटर बाई मागे येऊन उभ्या होत्या. हे अक्षर फारच सुंदर आहे, त्या म्हणाल्या. काय लिहिलंय?

“रिपोर्ट,” काकूंनी सांगितलं. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

बाईंना ते पान इतकं आवडलं, की प्रदर्शन संपेपर्यंत त्यांनी ती वही किटलीशेजारी त्याच पानावर उघडी ठेवली.