शिवलेली पानं

मला सावरलं ते आमच्या खोलीच्या मालकीणबाईंनी, हे आधी सांगतो. काय झालं ते मग. त्यांना सगळे आक्का म्हणतात. अडचणीतल्या माणसाला पुस्तक नेमून देणारी अशी बाई मुळशीत, पार लवासाच्या ओसाड इमारतींपर्यंत हिंडलात तरी दुसरी सापडायची नाही.

पिरंगुटच्या कारखान्यांत राबणारे आम्ही सहा जण त्यांचे भाडेकरू. कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की आक्का चहा विचारत नाहीत, थेट कोठीकडे जातात. पत्र्याच्या त्या कोठीत धान्य नाही, पुस्तकं आहेत. ठरलेलं लग्न मोडलं तर प्रवासवर्णन, "गडी तेवढाच हिंडून येतो." दाढ दुखत असेल तर विनोदी पुस्तक बंद, "हसशील आन् ठणका वाढंल." शिवाय प्रत्येक पुस्तक त्या आधी स्वतः वाचतात, आणि त्या माणसाला आत्ता सोसणार नाहीत ती पानं गोधडीच्या दोऱ्यानं चक्क शिवून टाकतात. नोकरी गेली म्हणून सूसहून आलेल्या भाच्याला त्यांनी जाडजूड कादंबरी दिली, ती निम्मी शिवलेली. तो म्हणाला, "आत्या, ह्यात वाचायचं काय?"

"जेवढं उघडं हाय तेवढं. भुकेलायस म्हनून ताटसुद्धा खातोस का?"

मी हिंगोलीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. अख्खं पुस्तक कधी वाचलं नव्हतं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि मला रजा मिळेना. त्यात गुरुवारची सुट्टी नेमकी ऑपरेशनच्या दिवशी आली. एका दिवसात तिकडं जाऊन परत येणं शक्य नव्हतं, म्हणून भावाच्या फोनची वाट बघत दिवसभर खोलीत एकटा बसणार होतो. सकाळीच आक्कांनी एक बारकं पुस्तक आणून दिलं. एका धनगराची आणि त्याच्या हट्टी मेंढीची गोष्ट.

"आक्का, मला वाचायला वेळ लागतो."

"बेस हाय की. आज तुला वेळच घालवायचा हाय."

अक्षरं लावत लावत दुपारपर्यंत निम्म्यावर आलो. मेंढी लई बेरकी होती, एकदा तर हसूही आलं. पुढं चार पानं शिवलेली. माझ्या मनात आलं, इथं कुणीतरी मरतंय. राहवेना. दाढीच्या ब्लेडनं टाके उसवले. आत कुणीच मेलं नव्हतं. धनगर बऱ्याच दिवसांनी घरी येतो आणि त्याची आई त्याला गरम भाकरी वाढते, एवढंच होतं. मी हमसून रडलो.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. उसवलेला दोरा पाहिला. "म्हनूनच शिवलं हुतं, शान्या," म्हणाल्या आणि भाकरी आणायला गेल्या. पहिला घास घेतला तोच फोन वाजला. आई शुद्धीवर आली होती.

आज आई बरी आहे. आता आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सुईत दोरा मीच ओवून देतो. परवा विचारलं, "तुम्हाला कुणी दिलं का कधी असं शिवून?"

"मालक गेले तवा समदी पानं उघडीच हुती रं," म्हणाल्या, आणि सुई मागून घेतली.

त्यांचं ऑपरेशन होऊन नवा चष्मा आला की कोठीत नसलेलं एक पुस्तक मी आणणार आहे. आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेन, कितीही दिवस लागोत. ज्या पानावर त्यांना मालक आठवतील ते शिवेन, आणि मगच त्यांच्या हातात देईन. टाके वाकडे येतील. आक्का बोलतील. बोलू देत.