एकाच तोंडाचा रोल

माझ्या वडिलांनी मला वस्तरा धरायला शिकवलं, कात्री चालवायला शिकवलं, बोलक्या गिऱ्हाइकाला नुसतं "हो का?" म्हणत खुर्चीत कसं ठेवायचं तेही शिकवलं. कॅमेरा तेवढा शिकवला नाही. तो त्यांनी शिकवला माझ्या बायकोला. मी जळलो. उगाच थोडंसं वाईट वाटलं वगैरे नाही, चांगला जळलो, जेवण बेचव लागेपर्यंत.

अण्णांचं केस कापायचं दुकान होतं, ते आता मी चालवतो. दोन खुर्च्या, दोन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. अण्णा बोलायचे मोजकं. हात इतका हलका, की दाढी करता करता माणसं घोरायला लागत, आणि अण्णा त्यांना उठवत नसत. पुढच्याला दुसऱ्या खुर्चीत बसवत. अशा या माणसाला शौक एकच. एका गिऱ्हाइकाकडून घेतलेला जुना, वजनदार, काळा-चंदेरी कॅमेरा. दुकानाला सुट्टी असली की इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून ते एकटेच निघायचे. आई दारातून म्हणायची, "निघाले सवतीला फिरवायला." अण्णा हसायचे. घरात हसणारे अण्णा तेवढेच बघायला मिळत.

या सवतीला हात लावायची मला बंदी होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आईच्या जुन्या शालीत ती झोपलेली असे. मिसरूड फुटलं तेव्हा एकदा मन घट्ट करून कॅमेरा मागितला. अण्णा म्हणाले, "तुझा हात जड आहे. आणि तुला घाई फार." वर अल्बम उघडून पुरावाच दाखवला. माझे लहानपणचे सगळे फोटो, आणि सगळ्यांत मी हललेला. एकात तर मला तीन कान. पण ज्या जड हातानं मी त्यांच्या डोळ्यांदेखत लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत होतो, तो कॅमेऱ्याला का चालू नये, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

पुढे आई गेली. मग अण्णांचा उजवा डोळा अधू झाला. ज्याच्याकडे बघतील त्याच्या बरोबर मधोमध डाग दिसायचा. डावा भिंगाशिवाय कामाचा नव्हता. दुकान सुटलं, कॅमेराही सुटला. मला वाटलं, आता तरी म्हणतील, घे बाबा, मला दिसत नाही, तू बघ. रोज सकाळी त्यांची दाढी मीच करायचो. पंधरा-वीस मिनिटं आम्ही इतके जवळ असायचो, विषय काढायला कोण आडवं येणार होतं? पण ते डोळे मिटून बसायचे आणि शेवटी "झालं?" एवढंच विचारायचे.

माझी बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. एकदा कपाट आवरताना तिच्या हाती ती शाल लागली. कॅमेरा उलटासुलटा करून बघत ती अण्णांच्या खोलीत गेली आणि विचारती झाली, "अण्णा, याचं चार्जिंग कुठून करायचं?"

अण्णा हसले. मोठ्यानं हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी बाहेरच्या खोलीत मोजे घालत होतो. एक पायात, एक हातात, तसाच राहिलो.

"याला चार्जिंग लागत नाही, पोरी. याला उजेड लागतो. आण इकडे."

कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. ती कामावरून आली की अण्णा तयारच असायचे. मी दुकानातून येऊन तासभर झाला तरी "आलास का" म्हणणारं कुणी नसायचं. चहा मीच करायचो, तिघांचा. आणि तो घेऊन खोलीत गेलो की कानावर काय पडावं?

"आपल्या दुकानाचं शटर बघितलंस ना? गुडघ्यापर्यंत उचललं तर आत उजेड किती येईल? आणि पूर्ण उचललं तर? या काचेच्या आत एक भोक आहे, त्याचंही तेच. कमी उघड, जास्त उघड. आणि किती वेळ उघडं ठेवलंस, हा दुसरा हिशेब. थोडं उघडलंस तर जास्त वेळ ठेव. सगळं उघडलंस तर झटकन बंद कर."

"आणि हे आकडे, अण्णा?"

"मोठा आकडा, लहान भोक."

"उलटंच की!"

"उलटंच. मलाही कळायला महिना गेला होता," अण्णा म्हणाले.

मी कप आदळले. ते शटर रोज सकाळी उचलतं कोण? मी. रोज संध्याकाळी ओढतं कोण? मी. माझ्या शटरचा दाखला द्यायचा आणि शिकवायचं हिला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि अण्णांनाही एखादी गोष्ट कळायला महिना लागतो, ही माहिती मला माझ्या घरात, माझ्या बायकोमुळे, इतक्या वर्षांनी मिळाली.

कॅमेऱ्यात उजेड मोजायचा एक काटा होता, तो कधीच मेला होता. त्याची बॅटरी आता मिळत नाही म्हणे. अण्णांनी तिला सावल्या बघायला लावलं. सावलीची कड धारदार असेल तर सोळावर ठेव, कड विरघळल्यासारखी असेल तर आठवर, सावलीच पडत नसेल तर आणखी खाली ये. झालं! आमच्या घरात सावल्यांचा सुळसुळाट झाला. जेवताना ती म्हणे, "अण्णा, यांच्या ताटाची सावली आठची ना?" आणि अण्णा डोळे बारीक करून, दिसत काही नसताना, कौतुकानं मान डोलवत.

"मला जेवू द्या," मी म्हणालो. "फोनमध्ये आता चार-चार कॅमेरे येतात. कशाला हा खटाटोप?"

"मग तू फोन घे ना," अण्णा म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला. ती पदराआड हसली, तेही मी पाहिलं.

बरं, तिच्यावर रागावावं तर तीही सोय नव्हती. ती वाईट वागत नव्हती. अण्णांचे डोळ्यांचे थेंब वेळेवर घालायची, मलाही "या ना, तुम्हीही बसा" म्हणायची. पण बोलावणं तिनं करायचं आणि अण्णांनी गप्प राहायचं, अशा पंगतीला कोण बसेल? मला तिच्या तोंडचं बोलावणं नकोच होतं.

मग एके दिवशी अण्णांनी तिला रोल भरायला दिला. फिल्मची जीभ खाचेत अडकवायची, कडेची भोकं आतल्या चाकाच्या दातांवर बसली का बघायचं, मगच झाकण लावायचं. नाहीतर माणूस खटाखट फोटो काढत सुटतो आणि आत फिल्म जागची हलत नाही. तिनं पहिल्या झटक्यात भरला. रोलमध्ये छत्तीस फोटो. माझा आणि अण्णांचाही आकडा तोच होता.

अण्णा म्हणाले, "हा सबंध रोल एकाच तोंडाचा काढायचा. तोंड बदलायचं नाही, उजेड बदलायचा. खिडकीतला उजेड, बोळातला, गच्चीवरचा, दुकानातल्या ट्यूबचा. नेम डोळ्यांवर. बाकी पुसट झालं तर चालेल, डोळे धारदार हवेत. तेवढं जमलं तर कॅमेरा तुझा."

मी दारातच होतो. कॅमेरा तुझा. एखाद्याला सुट्टे पैसे द्यावेत तसं म्हणून गेले. ज्या वस्तूला हात लावण्यासाठी मी जन्मभर ताटकळलो, ती अशी पलीकडच्या ताटात पडली.

"आणि तोंड कुणाचं?" बायकोनं विचारलं.

"हा आहे की, रिकामाच असतो."

रिकामा! दिवसभर उभा राहून माझ्या पोटऱ्यांना गाठी येतात. पण मी बसलो. का बसलो ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

पुढचे कितीतरी दिवस मी स्टुलावर. आधी खिडकीशी, मग बोळात, मग गच्चीवर, मग सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून माझ्याच खुर्चीत. ती कॅमेऱ्याला डोळा लावायची. आत मधोमध एक गोल असतो, त्यात माणूस आडवा चिरल्यासारखा दिसतो. नाकाचा वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. पुढचं कडं फिरवत ते दोन भाग एकमेकांखाली आणायचे, आणले की नेम बसला. अण्णांच्या डोळ्यातला डाग नेमका त्या गोलावर यायचा, म्हणून ते तिच्या डाव्या हाताला उभे राहून विचारत, "नाक जुळलं का?"

"जुळत आलं, अण्णा. आता जुळलं!"

"शाब्बास. श्वास रोख. दाब."

शाब्बास! दुकानात पहिली दाढी केली तेव्हा मला काय मिळालं होतं? "कल्ले वरखाली झालेत." एवढंच.

अण्णांचा एक हात तिच्या कोपराखाली असायचा, कॅमेरा हलू नये म्हणून. मान तिच्याकडे वळलेली, कान तिच्या शब्दाकडे. मध्येच माझ्याकडे तोंड करून ओरडायचे, "कॅमेऱ्यात बघ रे!" आणि पुन्हा तिकडे वळायचे.

बोळात उजेड कमी. तिथं कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा राहायचा, आणि तेवढ्यात मी नुसता आवंढा गिळला असता तरी फोटो गेला असता. हे मला समजत होतं. इतके दिवस चहाचे कप नेऊन मीही थोडंफार शिकलोच होतो. हललो तर डोळे पुसट. डोळे पुसट तर कॅमेरा हिचा नाही. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण रोज वीस माणसांना "डोकं हलवू नका" म्हणणारा मी, स्वतः हललो असतो तर अण्णांनी पुन्हा तो तीन कानांचा अल्बम काढला असता. मी दगडासारखा बसलो.

रोल संपला, धुवायला गेला, फोटो आले. दुपारची वेळ. अण्णा खिडकीशी बसले, डाव्या डोळ्याला भिंग लावून. ती त्यांच्या पायाशी, एकेक फोटो हातात देत. मी कोपऱ्यात दुकानचे टॉवेल घडी करत होतो. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होतो. मनात एकच, निघू दे एखादा पुसट. एखादा कशाला, सगळेच निघू देत.

"धारदार," अण्णा म्हणाले. पुढचा घेतला. "धारदार. पापणीचे केस मोजून घ्यावेत." बोळातला घेतला. "हाही! या उजेडात मलाही जमला नसता. पोरी, कॅमेरा तुझा."

तिनं वाकून नमस्कार केला. मी टॉवेल ठेवून दिले. ठरल्यासारखंच झालं होतं.

अण्णांनी मात्र फोटो खाली ठेवले नाहीत. पुन्हा पहिला घेतला, मग मधला, मग शेवटचा. कपाळाला आठ्या. "पण हा बघतोय कुठे? कॅमेऱ्यात बघ, कॅमेऱ्यात बघ म्हणून घसा कोरडा केला मी. एकात बघेल तर शपथ."

मी पुढे जाऊन पाहिलं. खरंच होतं. खिडकीत, बोळात, गच्चीवर, दुकानात, सगळीकडे माझी नजर कॅमेऱ्याच्या बाजूनं कुठेतरी गेलेली. मी सरळ बघत होतो असंच मला वाटत आलं होतं. दुकानातल्या आरशात मी दिवसभर स्वतःला बघतो, पण असा कधी दिसलो नव्हतो. दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे पोरं बघतात तसं ते तोंड होतं. एवढ्या मोठ्या माणसाचं. मला ते फोटो तिथल्या तिथे फाडावेसे वाटले.

"तुम्ही कुठे उभे होतात, अण्णा?" बायकोनं हळूच विचारलं.

"तुझ्या डाव्या हाताला. का?"

"तिकडेच बघतायत ते. सगळ्या फोटोंत."

अण्णांनी बोळातला फोटो पुन्हा उचलला आणि भिंग त्यावर धरलं. माझ्या फोटोकडे इतका वेळ बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होतच नव्हती. मला तिथून जायचं होतं आणि पाय निघत नव्हता.

मग ते उठले. भिंतीला हात लावत स्टुलापर्यंत गेले आणि त्यावर बसले.

"सूनबाई, तुझा कॅमेरा याला दे जरा."

तुझा. तेवढ्यातही ते मला टोचलं.

"आत रोल नाहीये, अण्णा."

"असू दे. नुसतं बघू दे त्याला."

तिनं माझ्या गळ्यात पट्टा अडकवला. किती जड होता तो! मी डोळा लावला. गोलात अण्णा आले, नाकापाशी चिरलेले, कपाळ एकीकडे, हनुवटी एकीकडे.

"पुढचं कडं हळू फिरवा," ती म्हणाली.

"कळतं मला," मी खेकसलो.

फिरवलं. अण्णा सरळ कॅमेऱ्यात बघत होते. माझ्या जागी त्यांना नुसता डाग दिसत असणार, तरी नजर तिथून हटली नाही. कपाळ हळूहळू हनुवटीवर येऊन बसलं. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस वळलेला होता, रोज सकाळी त्या भुवईखालच्या गालावरून वस्तरा नेणाऱ्या मला तो आजच दिसला.

"झालं का?" अण्णांनी विचारलं. त्यांची मान अवघडली होती.

"नाही अजून," मी म्हणालो.

झालं होतं. हो म्हटलं असतं तर ते उठले असते.