लाल ठिपक्याचं कार्ड

पेंडीच्या दुकानात कार्डाचं मशीन चालवणाऱ्या मशीनवाल्यानं मला फसवलं. माझं एटीएम कार्ड त्यानं ठेवून घेतलं आणि त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते न बघता खिशात घातलं. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आले तेव्हा कलबुर्गीच्या कुठल्याशा एटीएममधून माझं खातं धुऊन निघालं होतं.

मी जनावरांचा व्यापारी. बापानं मागं एक दावंसुद्धा ठेवलं नव्हतं. जे कमावलं ते बाजारात उभं राहून. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव ठरवायचा. शेजारी उभ्या सख्ख्या भावालाही कळत नाही. सौदा झाला की बैलाच्या पुठ्ठ्यावरचे केस कात्रीनं कापून खूण करायची, म्हणजे दावणीला बैल बदलता येत नाही.

असा मी माणूस. पण त्या दिवशी मशीनवाला म्हणाला, "नंबर सांगा अण्णा, मी दाबतो," आणि मी सगळ्यांसमोर खणखणीत सांगितला. आमच्या बाजारात सगळेच सांगतात. झाकायचा तो भाव, एवढंच आम्हाला ठाऊक.

बँकेतल्या बाईंनी कार्ड बंद केलं, तक्रार लिहून घेतली आणि वर ऐकवलं, "नंबर तुम्हीच सांगितलात ना?" तिथून दुकानाच्या मालकाकडे गेलो. तो पोत्यांना रेलून चहा पीत होता.

"कामून वरडायलाव, अण्णा? मशीन बँकेचं हाय. कार्ड घरी बदललं असंल तुमचं."

"माझ्या घरात दुसरं कार्डच न्हाई."

"मग मला काय इचारायलाव?"

मी टॉवेल खांद्यावर टाकून निघालो. मला ओळखणाऱ्यांना विचारा, मी न भांडता निघालो की समोरच्यानं घाबरावं.

नवं कार्ड आलं. बायकोच्या नेलपॉलिशनं त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिला.

"अहो, या वयात नखं रंगवायलाव का?"

"बैलाला खूण करायलोय," मी म्हणालो.

पुढच्या बाजारी त्याच दुकानात गेलो. पेंड घेतली, कार्ड दिलं. मशीनवाल्यानं ते मशीनमध्ये घातलं. मी मोठ्यानं चार आकडे बोललो, चारही खोटे. मग मशीन पुढं ओढलं, टॉवेल टाकला आणि खरा नंबर आत दाबला.

"टॉवेल कामून, अण्णा? पेंड घ्यायलाव का बैल?"

"सवय हाय बाबा. अन् बोलल्याशिवाय नंबर आठवत न्हाई."

तो हसला. पावती निघाली. कार्ड काढून तो काउंटरखाली वाकला, वर आला आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी ते उलटं केलं. ठिपका नव्हता.

मी टॉवेलासकट त्याचं मनगट धरलं. "माझा बैल दे."

"कुठला बैल, अण्णा?"

"लाल ठिपक्याचा."

बाजार गोळा झाला. काउंटरखाली कुलूप लावलेली पत्र्याची पेटी होती, वर फट, देवळातल्या दानपेटीसारखी. "किल्ली माझ्याकडं न्हाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. लोकांनी मालकाला आतून आणलं. किल्ली त्याच्या करदोट्याला होती. पेटी उघडली. सगळ्यात वर माझं कार्ड, खाली दुसऱ्यांची.

मशीनवाल्याला पोलीस घेऊन गेले. मालकानं माझं नुकसान तिथंच भरून दिलं. देताना "थोडं कमी करा, अण्णा" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस करू दिली नाही.

आता आमच्या बाजारात कुणी नंबर बोलत नाही. ज्याच्या त्याच्या टॉवेलाखाली मशीन. पेट्रोल पंपावरचे लोक हसतात, हसू देत. परवा जनवाड्याच्या एका म्हातारीनं पदराखाली मशीन घेतलं आणि मागं वळून बघणाऱ्यांना दटावलं, तेव्हा मला बैलजोडी जिंकल्यासारखं वाटलं.

पण मालक अजून त्याच पोत्यांना रेलून चहा पितो. "मला काय बी माहीत नव्हतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. माहीत नव्हतं, तर माझी भरपाई कशाची केली? पेटीची किल्ली कमरेला कामून होती? आणि खालची ती कार्डं कुणाकुणाची? मालकानं मला घरी येऊन समजावू नये. बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर उभं राहून, टॉवेल न टाकता त्यानं उत्तर द्यावं.