भोपळ्याचा अर्धा वाटा

आमच्या भाजीगटात अर्धा वाटा मिळणार नाही, हा नियम मीच केला होता. आणि अर्ध्या वाट्याची खरी गरज गटात मलाच होती. एकटीला भाजी लागते ती किती? माठाची एक जुडी आणली तर दोन दिवस तीच तोंडासमोर. पण नियम केला नसता तर पंचाईत झाली असती. "थोडंसंच द्या हो बाई" म्हणणारे रत्नागिरीत इतके आहेत, की शेतकऱ्याचा टेंपो अर्धा भरलेला परत गेला असता.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी हे गेले. मुलगी बंगळुरूला. दिवसभर घर खायला उठायचं. गट काढताना लोकांना मी माती, फवारण्या, आरोग्य असं पुष्कळ सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण शनिवारी सकाळी माझ्या व्हरांड्यात चार माणसं यावीत, त्यांच्या चपला दारात दिसाव्यात, एवढंच मला हवं होतं. विषमुक्त भाजी हे त्याचं निमित्त.

प्रचाराला मी कुठे म्हणून गेले नाही! हळदीकुंकू, वाचनालय, योगाचा वर्ग, सोसायटीची मीटिंग. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे गावचं येतं. रत्नागिरीत प्रत्येकाचं एक गाव असतं आणि तिथून म्हणे सगळं येतं. काय येतं, डोंबल? मे महिन्यात आंबे आणि गणपतीत नारळ. गावच्या घराला कुलूप, परसात रान माजलेलं, आणि हे लोक घाटावरून ट्रकने आलेली भाजी खातात नि वर गावचं येतं म्हणून सांगतात. हे मी तोंडावर बोलायचे. त्यामुळे काहीजण गटात आले आणि काहींनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

शेतकरी लांज्याकडचा. शनिवारी सकाळी तो माल उतरवायचा आणि बाजारात मासळीचे घालतात तसे आम्ही भाजीचे वाटे घालायचो. व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरायची, प्रत्येकावर सारखी रास. वजनकाटा नाही, निवडानिवड नाही. वाटे घालणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. म्हणजे अर्थात मी.

भाभी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. नवरा जहाजावर होता, तो वारलेला. दोन्ही मुलगे दोह्याला. पहिल्याच शनिवारी वाट्याकडे बघून म्हणाली, एवढ्याचं मी एकटी काय करू? मी नियम सांगितला. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, मग आपण दोघी मिळून एक घर. झालं! नियम मोडला नाही आणि माझीही सोय झाली.

ती मला पहिल्या दिवसापासून अगं-तूगं करायची. हे गेल्यापासून गावात मला अशी हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. जो तो बाई, बाई आणि अहो-जाहो. खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही.

सगळे आपापल्या पिशव्या घेऊन गेले की आम्ही दोघी आमचा वाटा फोडायला बसायचो. तिला कारलं चालायचं नाही, मला शेवग्याची पानं निवडायचा कंटाळा. भांडून भांडून अदलाबदल व्हायची, त्यात चहा व्हायचा, तिच्या सुनांची उणीदुणी व्हायची. मशिदीत दुपारची बांग झाली की ती गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि दारापाशी स्टुलावर ठेवलेला आपला अर्धा वाटा घेऊन वर जायची. माझा आठवडा त्या शनिवारपासून त्या शनिवारपर्यंत असायचा.

मग गणपतीनंतर भोपळे आले. तांबडे, गोलमटोल, प्रत्येक वाट्यावर एक अख्खा. मी खूश. संध्याकाळपासून गटावर मेसेज सुरू झाले, बाई, भोपळा परत घ्याल का? मी तडकून लिहिलं की आलं ते घ्यायचं, इथे नखरे चालणार नाहीत. फोन खाली ठेवला आणि आमच्या वाट्याचा, मागाहून फोडू म्हणून माझ्याच टेबलावर राहिलेला भोपळा दिसला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. घरातल्या पुरुषाने आधी टोचा मारायचा, मग बाईने चिरायचा. बाजारात फोड मिळते, म्हणून इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि आमच्या गटात पुरुष होते कुठे? कुणाचा मुंबईला, कुणाचा बोटीवर, कुणाचा भिंतीवर फोटोत. एकीने तर नवरा दिवाळीला येईल म्हणून भोपळा कपाटावर चढवून ठेवला होता. मी ग्रहणात मुलांना मैदानात नेऊन उभं करणारी बाई, पण मलाही सुरी उचलवेना.

पुढच्या शनिवारी शेतकऱ्याला कळलं की एकही भोपळा कापला गेलेला नाही. बिचारा हिरमुसला. माळा भोपळ्यांनी भरलाय म्हणाला, तुम्हाला नको तर मी सगळाच माल व्यापाऱ्याला घालतो, मग इथवर टेंपो आणणं काही परवडायचं नाही. गट मोडला तर मोडला, भाजी कुठेही मिळाली असती. शनिवार कुठे मिळाला असता?

भाभीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांच्यात ही रीतच नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग म्हणाली, "आण सुरी. मला कोण अडवतंय?"

आणि तिने सगळ्यांसमोर माझ्या भोपळ्यात सुरी खुपसली. मग एकजण हळूच म्हणाली, भाभी, आमच्याकडेही याल का? त्या दिवशी आम्ही दोघी रिक्षा करून घरोघर फिरलो. तिने टोचा मारायचा, घरच्या बाईने निःश्वास सोडायचा. ज्या घरांचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता तिथे तिला चहा मिळाला, घारग्यांचं आमंत्रण मिळालं. शेतकऱ्याचा माळा रिकामा झाला. परत येताना रिक्षात ती म्हणाली की तुमच्या गल्लीतला एकुलता एक पुरुष आता मीच. आम्ही दोघी इतक्या हसलो की रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात तिचा थोरला मुलगा आला आणि तिला दोह्याला घेऊन गेला. गुडघ्यांचं दाखवायचं होतं. गणपतीपर्यंत येते म्हणाली. गणपती झाले. मग मुलाने तिच्या फ्लॅटला भाडेकरू बघायला सांगितलं, असं मला खालच्या दुकानात कळलं.

गट छान चाललाय. माणसं वाढली, आता कुणी ड्रायव्हरला पाठवतं, कुणी गाडीतूनच पिशवी मागतं. चपला काढून वर येणारं कोणी नाही. बाई, तुम्ही अर्धाच वाटा घ्या ना, असं गटातल्या दोघीतिघी म्हणाल्या. मी नको म्हटलं. अर्धा घेतला की भाभी येणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं होईल.

यंदाही भोपळे आले. बाकीच्यांनी वॉचमनला बोलावून टोचे मारून घेतले, आता घरातलाच पुरुष हवा असं कुणी म्हणत नाही. मलाही बोलावता आलं असतं. पण भोपळा टिकतो, राहू दे म्हटलं. परवा शनिवारी वाटप झाल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला. पाठीमागे मुलाचं पांढरंशुभ्र स्वयंपाकघर. मी फोन फिरवून तिला भोपळा दाखवला.

"अजून तसाच?"

"कोण कापणार?"

तिने चष्मा काढून पुसला, परत लावला.

"तू काप, बाई," ती म्हणाली. "आता तूच काप."

फोन ठेवल्यावर मी रडले, लपवून काय करू. मग उठून सुरी घेतली. पहिला टोचा बसेना. दुसरा बसला. भोपळा बरोबर मधोमध फुटला.

एक अर्धा विळीपाशी ठेवला. दुसरा सवयीने वर्तमानपत्रात गुंडाळून दारापाशी स्टुलावर नेऊन ठेवला. दुपारची बांग झाली, आणि तो तिथेच होता.