मिस्तरी आणि सात नावं

आमच्यात सुना सासरच्या थोरल्यांची नावं घेत नाहीत. म्हणून थोरल्या दिरांना मी लग्नापासून मिस्तरीच म्हणते, आणि ते शोभतंही त्यांना. सामुदायिक शेती होती तेव्हा गावचे सगळे ट्रॅक्टर त्यांच्याच हाताखालचे. पुढे नारीन शहराच्या बाजारात कोणी जुनं यंत्र घ्यायला निघालं, की मिस्तरींना सोबत न्यायचं. ते इंजिनाला सळई टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे, तेल बोटावर घेऊन हुंगायचे आणि विकणाऱ्याला म्हणायचे, "बाबा रे, आजारी म्हातारीला नवरीसारखं नटवून आणलंस होय!" सगळा बाजार हसायचा. काय दिवस होते ते!

असा माणूस फसला, आणि तोही घरबसल्या फोनवर.

डोंगरावरचं गवत कापायला त्यांना ट्रॅक्टर हवा होता. त्यांची मुलं कामाला मॉस्कोला, विळा चालवणार कोण? माझ्या लेकाने, बेक्तेमिरने, ट्रॅक्टर हवा अशी फोनवर जाहिरात टाकली. दुसऱ्याच दिवशी एका विकणाऱ्याचा फोन आला. "दादा, आपण एकाच कुळातले की!" म्हणत त्याने मिस्तरींच्या सात पूर्वजांची नावं घडाघडा म्हटली. आमच्यात सात पिढ्या जुळल्या की तो भाऊच. मिस्तरींचे डोळे भरून आले.

"आधी जाऊन बघा तरी," मी म्हटलं.

"भावाच्या दारात जाऊन इंजिन हुंगू? लाज नाही वाटायची मला?"

सासऱ्यांच्या वेळची शेवटची घोडी विकून त्यांनी पैसे पाठवले.

ट्रॅक्टर आला तो ताज्या निळ्या रंगात. दोन दिवस चालला. मग रंगाखालून इंजिनाची चीर उघडी पडली, पुट्टी भरून बुजवलेली. भावाचा फोन बंद. नावं कुठून मिळाली तेही कळलं. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला मिस्तरी ती म्हणत होते, ते बेक्तेमिरनेच फोनवर जगाला दाखवलं होतं.

मिस्तरी चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विळे बाहेर काढले. आम्ही सगळ्यांनी मिळून गवत हाताने कापलं. पण रोज नान मोडताना ते पूर्वजांची नावं घ्यायचे आणि त्यांची नात मागून म्हणायची, ते बंद झालं. एकदा नातीने हट्ट धरला.

"चोराच्या तोंडून उष्टी झालीत ती," ते म्हणाले. "आता नकोत."

माझं डोकंच फिरलं. मेल्याने घोडी नेली ती नेली, नावंही नेऊ द्यायची? चहाची वाटी खाली ठेवली आणि जी नावं ओठांवर आणायची मला बंदी, ती मी मोठ्याने म्हणायला लागले, "शारशेन. त्याचा बाप ओमुर्झाक. त्याचा बाप साद्यर. त्याचा बाप कोचकोर..."

पाचव्याला अडले. खरंच आठवेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, माझा नवरासुद्धा.

"तिलेके," मिस्तरी हळूच म्हणाले. मग घसा खाकरून नातीला म्हणाले, "पाचवा तिलेके. म्हण गं पोरी माझ्यामागून. पहिल्यापासून म्हण."