मिरजगावचा बोकड आणि वेगळी शपथ

दौंडला गाडी बदलून नगरच्या डब्यात बसलो, तेव्हाच या दौऱ्याचे काय होणार ते कळायला हवे होते. समोर तीन पुढारी बसले होते आणि तिघांनाही खिडकी हवी होती. मी पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार. स्वातंत्र्य दाराशी आले आहे, तेव्हा सर्व पक्षांनी मिळून खेडोपाडी एकीच्या सभा घ्याव्यात असे ठरले होते, आणि त्यांतल्या एका सभेसाठी माझी रवानगी मिरजगावला झाली होती. खादीवाले दादासाहेब, लाल झेंड्याचे कॉम्रेड आणि धर्माभिमानी वकीलसाहेब यांचे एकमत फक्त एका गोष्टीवर होते, इंग्रजाने जावे. खिडकी शेवटी मला मिळाली. आपल्याला नाही तर दुसऱ्या दोघांनाही नको, हा तोडगा तिघांनाही पसंत पडला.

नगरला उतरलो तेव्हा उन्हे वर आली होती. स्टेशनाबाहेर भिंगारच्या छावणीकडे चाललेल्या लष्करी लॉऱ्या धूळ उडवत होत्या. ती धूळ खात वकीलसाहेब म्हणाले, "आता फार दिवस नाहीत यांचे." टांगेवाला मागे न बघताच म्हणाला, "लॉऱ्या जातील सायेब, पन धूळ हितलीच हाय. ती कुटं जाती?" यावर तिघेही मोठ्याने हसले. टांगेवाला मात्र हसला नव्हता, म्हणून त्यांनीही लगेच आवरते घेतले.

मिरजगावची मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. पेट्रोलची टंचाई लढाई संपली तरी संपली नव्हती. मागच्या बाजूला भट्टी, तिच्यातून धूर, आणि आत आम्ही मेथीच्या जुड्यांसारखे कोंबलेले. दोन्ही बाजूंना हुरड्यावर आलेली ज्वारी, मधूनमधून बाभळी, लांबवर उघडे बोडके माळ. थंडीचे दिवस असल्यामुळे हा मुलूख बरा दिसत होता, उन्हाळ्यात इथे बघवत नाही म्हणतात. एका चढावर मोटारीने जीव सोडला आणि ड्रायव्हरने सगळ्यांना ढकलायला खाली उतरवले.

सगळे ढकलू लागले. आमचे तिघे मात्र बाजूला उभे राहून, मोटार पुढे ढकलावी की मागे घेऊन पुन्हा चढवावी, याचा खल करू लागले. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई त्यांना म्हणाली, "लोकं ढकलत्यात आन तुमी हितंच सभा भरवलीया व्हय?" दादासाहेबांनी मग मोटारीला हात लावला. जोर लावलेला मी तरी पाहिला नाही.

मिरजगावी चावडीपुढे मांडव घातला होता. तात्या पाटील म्हणजे गावचा पाटील, धिप्पाड आणि अबोल. त्याने हार घातले, गुळाचा चहा दिला आणि रात्रीच्या बेताची बातमी कानावर घातली. चावडीमागच्या लिंबाला एक तांबडा बोकड बांधला होता. दादासाहेबांची अहिंसेवर निष्ठा होती, रश्श्यावर त्याहून जास्त. वकीलसाहेब घरी मांसाला शिवत नसत, पण दौऱ्यावर निघाले की त्यांच्या आहाराला देशाटनाचे नियम लागू होत. कॉम्रेडना कशाचेच वावडे नव्हते. तिघांनीही बोकड पाहिला आणि सभा वेळेवर सुरू करायचे ठरले.

सभा चांगली भरली. तिघांनी तीन तऱ्हांनी एकच भाषण केले आणि त्यात एकी हा शब्द इतक्या वेळा आला की बोकडही मधूनमधून साथ देऊ लागला. शेवटी दादासाहेबांनी सगळ्या गावाला उभे करून शपथ दिली: हा देश माझा, याच्या स्वातंत्र्यासाठी मी झटेन. सगळ्यांनी हात वर केले. पहिल्याच ओळीत पांढरी दाढी आणि डोक्याला फेटा असलेला एक म्हातारा होता. त्याने हात सगळ्यांच्या आधी वर केला आणि सगळ्यांच्या नंतर खाली घेतला.

हा रसूल मुलाणी. मुलाणी म्हणजे गावचा मुसलमान बलुतेदार. देशावरच्या गावांत बकरे कापायचा मान त्याचा. लग्न असो, जत्रा असो, खंडोबाचा नवस असो, रसूलने अल्लाचे नाव घेऊन सुरी फिरवली तरच ते मटण मिरजगावच्या मराठ्यांच्या चुलीवर चढते. दुसऱ्या कोणी कापलेले इथे खपत नाही.

शपथ झाली आणि वकीलसाहेब पुन्हा उठले. म्हणाले, "आता आपल्या मुसलमान बंधूंनी उभं राहून, या भूमीशी आपण इमान राखू, अशी वेगळी शपथ घ्यावी."

रसूल उभाच होता. "सायेब, आत्ताच घेतली की."

"ती सर्वांबरोबरची. ही तुमची."

"दुसरा हात कुटनं आनू?"

लोक हसले, पण वकीलसाहेब हसले नाहीत. मी कॉम्रेडांकडे पाहिले. हा माणूस तरी तोंड उघडेल असे वाटले होते. कॉम्रेड उठून म्हणाले, "जनतेच्या ऐक्यासाठी याची गरज आहे." दादासाहेबांनी 'स्वेच्छेने' हा शब्द घालून पाठिंबा दिला. इंग्रजांच्या खालोखाल तिघांचे एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माजा बाप हितंच बलुतं खाऊन मेला," रसूल म्हणाला. "आजा बी. त्या वक्ताला कुनी इचारलं न्हाई, तू कुनाचा म्हनून." त्याने गावाकडे पाहिले. गाव खाली मान घालून बसले होते. पाटीलसुद्धा. रसूलने फेटा सारखा केला आणि तो मांडवातून निघून गेला.

दिवस मावळायला टेकला तरी बोकड लिंबालाच होता. वकीलसाहेबांनी दोनदा चौकशी केली. तिसऱ्यांदा पाटील म्हणाला, "कापनार कोन?"

"अहो, कोणीही कापा!"

"आमच्या गावात मुलान्याच्या हाताबिगर बकरं कापत न्हाईत."

"हा काय अडाणीपणा!" वकीलसाहेब म्हणाले. पण पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे रसूलला बोलावणे धाडायची सूचना त्यांनीच केली.

रसूल आला. सुरी फडक्यात गुंडाळलेली होती. बोकडाकडे न जाता तो आमच्या बाजेपुढे येऊन उभा राहिला. "आदी येक सांगा. म्या गावचा हाय का पाव्हना? गावचा आसंन तर कापतो. पाव्हना आसंन तर पाव्हन्यानं कापायचं नसतं. मला पानावर बसवा आन तुमी वाढा."

माझ्या आयुष्यात मी अनेक कार्यकारिण्या पाहिल्या, पण बोकडापायी भरलेली ही पहिलीच. तिघे लिंबाखाली जाऊन कुजबुजले. गावचा म्हणावे तर दुपारचा ठराव पडतो, पाहुणा म्हणावे तर रस्सा जातो. बऱ्याच वेळाने दादासाहेब हसतमुखाने परत आले.

"रसूलभाई, तूर्त तुम्ही गावचेच."

"तूर्त?" रसूलने विचारले. दादासाहेबांचे हसू तसेच राहिले. रसूल पाटलाकडे वळला. "तात्या, तू सांग."

तात्या पाटलाने एकदा आमच्याकडे पाहिले. मग लिंबाचे दावे सोडून बोकड गोठ्याकडे नेला आणि जाता जाता घराकडे तोंड करून ओरडला, "पिठलं टाका गं! आज कापायचं न्हाई. ह्यो गावचा हाय, आन गावच्या मानसाचा आज आपमान झालाय!" दुपारी हेच बोलला असता तर त्याला काय मोल द्यावे लागले असते, मला कळत नाही. पण बोलला. रसूलने फडक्यातली सुरी काखेत धरली आणि डोळे पुसत घरी गेला.

पिठले आणि बाजरीची भाकरी फर्मास होती. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या तीन सोबत्यांना भूक नव्हती.

सकाळी मोटारीची वाट बघत उभा होतो. रसूल कुठल्याशा लग्नघरी निघाला होता, तो मला पाहून थांबला.

"पेपरात लिवनार का?"

"लिहिणार."

"मग आपमान-बिपमान नका लिवू. नाव लिवा, आन म्होरं 'मिरजगावचा' लिवा. बास."

मी लिहिले, अगदी तसेच. पुण्यात संपादकांनी ते वाचले, छान आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी छापून आले ते असे: सर्वपक्षीय सभेत एकमुखाने शपथ, स्थानिक मुसलमान बांधवांचाही पाठिंबा. नाव नाही, गाव नाही. मी जाऊन भांडलो. ते म्हणाले, "जागा कमी होती हो."

तीन पुढाऱ्यांची नावे मात्र पदव्यांसकट छापली होती. ती मी इथे देत नाही. माझ्याकडे जागा आहे, म्हणून एवढेच लिहितो: रसूल मुलाणी, मिरजगावचा.