पिकवायचं इंजेक्शन

सातवा महिना संपत आला तेव्हा मला कळा सुरू झाल्या. जोयड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या. मराठी इथे येऊन शिकलेल्या, आणि शिकवणारे आम्हीच. तपासून त्या म्हणाल्या, "मूल लवकर येणार असं दिसतंय. त्याची फुप्फुसं अजून कच्ची हाईत. स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पिकवायची."

'पिकवायची' हा शब्द माझ्या सासऱ्यांसमोर वापरायला नको होता. सासरे रामनगरच्या बाजारात केळी विकतात, आणि पावडर मारून केळी पिकवणाऱ्यांविरुद्ध त्यांचं भाषण कायम तयार असतं. खोलीतली एकुलती खुर्ची त्यांच्याखाली होती, त्यामुळे अध्यक्षही तेच.

"औषध मारून पिकवल्यालं वरनं पिवळं, आत कच्चं," ते म्हणाले. "आमच्या घरात असलं चालत न्हाई. भाताच्या गवतात ठेवायचं, आपसूक पिकतंय."

"हिच्या पोटात गवत भरू काय मग?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा मोबाइलवर वाचत होता. फायदे वाचताना त्याचा चेहरा उजळायचा, तोटे वाचताना पडायचा; पान एकच होतं. मध्येच त्याला तालमीतला एक मित्र आठवला, स्टेरॉइड घेऊन फुगलेला. सासूबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. आणखी फुगायला जागा कुठे आहे, असं त्यांना वाटलं असावं.

मूल माझ्या पोटात होतं, पण मला अजून कोणी विचारलं नव्हतं. शेवटी मीच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "न घेता ते उद्या आलं तर? आणि घेऊनही इतक्यात आलंच नाही तर?"

"उद्या आलं तर श्वास घेणं जड जाईल त्याला. जगणंबी. इंजेक्शननं तो धोका कमी होतोय, संपत न्हाई. तुमची साखर काठावर हाय, ती काही दिवस चढंल, बघत ऱ्हावं लागंल. आणि दिवस भरून आलं, तर उगाच दिलं असं होईल. वजन जरा कमी भरू शकतंय. पुढं आणखी काय, ते पक्कं ठाऊक न्हाई."

'ठाऊक न्हाई' म्हणणारं त्या खोलीतलं हे पहिलंच माणूस. मी म्हटलं, द्या.

सासरे बोलायला उठले होते. पण इंजेक्शन कमरेत द्यायचं होतं, त्यामुळे सभा बरखास्त झाली.

मग मला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं; चोवीस तासांनी द्यायचं दुसरं इंजेक्शन तिथे झालं. साखर चढली, बोटं टोचून टोचून ती उतरेपर्यंत मोजली. दरम्यान मुलगी आली, ओंजळीएवढी. इंजेक्शन नसतं घेतलं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. ताडून बघायला दुसरी मुलगी नव्हती. पण ही रडली, आणि मगच तिला काचेच्या पेटीत नेलं.

ती रडत होती तेव्हा दाराबाहेर काय बोलणं झालं, ते नवऱ्यानं मला नंतर सांगितलं.

"कुणावर गेलीया म्हणायची ही?" सासूबाईंनी विचारलं.

"तुज्यावर," सासरे म्हणाले. "दार बंद असून ऐकू येतंय."